पासबुक दाखवा!

पतपेढीतून पन्नास हजारांचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागतात, पगारपत्रक लागतं, विजेचं बिल लागतं आणि पासबुक तर लागतंच. सही जरा वाकडी आली की काउंटरवरच्या बाई अर्ज परत ढकलतात. या असल्या संशयी स्वभावापायीच आपण मागे राहिलो. मोठ्या माणसांत विश्वास कसा चालतो, हे हैदराबादकडून शिकावं.

बी. रामलिंग राजू यांनी तिथे १९८७ साली ‘सत्यम’ ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. कंपनी वाढत वाढत न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली, फुटबॉलच्या विश्वचषकाची प्रायोजक झाली. २००७ साली राजू ‘वर्षातले सर्वोत्तम उद्योजक’ ठरले. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला चोख कारभाराबद्दल ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. मोर सोन्याचा होता. पिसं मोजायची कुणाला सुचली नाहीत.

संचालक मंडळही कसं, तर बघत राहावं असं. हार्वर्डचे प्राध्यापक, देशाचे माजी कॅबिनेट सचिव, नामवंत व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता. १६ डिसेंबर २००८ ला या विद्वानांसमोर प्रस्ताव आला: राजू कुटुंबाशी जोडलेल्या ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या, एक बांधकामातली आणि एक जमीनजुमल्यातली, सत्यमने सुमारे १६० कोटी डॉलरना घ्याव्यात. घरचंच घर घरालाच विकायचं! मंडळाने मंजुरी दिली. ओरडले ते भागधारक. आणि काही तासांत सौदा गुंडाळला गेला. सौदा मोडल्याचं दुःख कुणी करू नये, कारण द्यायला पैसे होतेच कुठे?

ते कळलं ७ जानेवारी २००९ ला, राजूंच्याच पत्रातून. वह्यांत रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये. त्यांतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबरच्या तिमाहीत नफा दाखवला ६४९ कोटी, खरा झाला ६१ कोटी. नसलेल्या ठेवींवर ३७६ कोटींचं व्याजसुद्धा येणं होतं! ‘मेटास’चा सौदा म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी बसवण्याची शेवटची धडपड होती, हेही पत्रातच. वाणिज्य शाखेच्या पोरांनी हे पत्र जरूर वाचावं. मुद्दे क्रमवार, रकमा नेमक्या, टक्केवारी जागच्या जागी. सत्यमच्या कागदपत्रांत इतके प्रामाणिक आकडे बऱ्याच वर्षांनी उमटले असावेत.

आपण वाघावर स्वार झालो होतो आणि त्याच्या तोंडी न जाता उतरायचं कसं ते कळत नव्हतं, असंही राजूंनी लिहिलं. वाघाने खाल्लं ते मात्र भलत्यांना. त्या एका दिवसात शेअर पाऊणहून जास्त कोसळला. म्हणजे ज्यांनी पेन्शनीतून चार शेअर घेतले होते ते वाघाच्या पोटात, आणि स्वार पत्र लिहायला शाबूत.

आणि लेखापरीक्षक? नाव जगभर गाजलेलं, प्राइस वॉटरहाउस. खात्यात पैसे आहेत का, हे बँकेला थेट विचारायचं असतं. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या चौकशीत निघालं की बँकेकडे पत्रं धाडण्याचं आणि उत्तरं गोळा करण्याचं काम त्यांनी कंपनीच्याच माणसांवर सोपवलं होतं. बडा घर, पोकळ वासा. पण वासा ठोकून बघायचा पगार ज्यांना होता, त्यांनी तो रंगवून घेतला.

पुढचं सरकारी गतीने झालं. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने कंपनी घेतली म्हणून हजारो पोरापोरींच्या नोकऱ्या वाचल्या. राजूंनी सुमारे अडीच वर्षं तुरुंगात काढली. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांच्यासह दहाजणांना दोषी ठरवलं, राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला. ‘गोल्डन पीकॉक’वाल्यांनीही पुरस्कार काढून घेतला. एवढी तत्परता देण्याआधी दाखवली असती तर!

राजूंनी खोटं लिहिलं, हा त्यांचा गुन्हा. पण ते वर्षानुवर्षं वाचून माना डोलावणारे सगळे शिकलेसवरलेले, मानधन घेणारे होते. तेव्हा पुढच्या वेळी कुणा संस्थापकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल, तेव्हा टाळ्या वाजवा, फोटो काढा. पण पैसे गुंतवण्याआधी पतपेढीतल्या बाईंसारखं पासबुक मागा.