सही चुकली, नोकरी पक्की!

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या झटक्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायचं ठरवलं. तेव्हापासून रत्नागिरीत वायरमन, नर्स, प्लंबर असे सगळेच जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी करताना दिसतात. मुंबईची मनीऑर्डर संपली, आता स्टुटगार्टची येणार! येऊ दे. पण जाणाऱ्यांनी भाषेबरोबर तिथला सहीचा कायदाही शिकून घ्यावा. आम्ही तो वाचला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तिकडे मुदतीची नोकरी द्यायची तर मुदतीचं कलम लेखी हवं आणि खाली शाईची सही हवी. संगणकावरच करायची असेल, तर युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमातली 'पात्र' सही लागते. म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेने आधी माणसाची ओळख पटवायची, प्रमाणपत्र द्यायचं, मग सही. सहीचा फोटो चिकटवला किंवा माउसने गांडूळ काढलं, तर चालत नाही. बर्लिनच्या कामगार न्यायालयापुढे सप्टेंबर २०२१ मध्ये असंच प्रकरण आलं. कंपनीने मुदतीच्या करारावर संगणकावर सह्या घेतल्या होत्या, पण त्या पात्र नव्हत्या. न्यायालय म्हणालं, करार शाबूत, मुदत तेवढी बाद. माणूस कायम!

आता हे आपल्याकडच्या एखाद्या कंत्राटी कर्मचाऱ्याला सांगून बघा. आधी त्याला खुर्चीत बसवा, मग सांगा. इथे अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा खंड, परत अकरा महिन्यांची ऑर्डर, ह्या फेऱ्यात माणसाच्या पोरांची लग्नं होतात. आझाद मैदानात बसून झालं, निवेदनांवर सह्यांचे गठ्ठे झाले. कायम व्हायला हजारो सह्या लागतात एवढंच आपल्याला ठाऊक. एक चुकीची सहीही पुरते, हे कुठल्या संघटनेने सांगितलं नाही.

काढून टाकायचं असेल तर जर्मन माणूस आणखी कडक. त्यांच्या नागरी संहितेचं कलम ६२३, मे २००० पासून लागू. नोकरी संपवायची नोटीस कागदावरच द्यायची, शाईच्या सहीने. ईमेल नाही, व्हॉट्सॲप नाही, ती 'पात्र' सहीसुद्धा नाही. राजीनाम्यालाही तोच नियम. रात्री साडेअकराला साहेबाला पाठवलेला "उद्यापासून येत नाय, काय करायचं ता करा" हा मेसेज तिथे कायद्याने शून्य. मर्सिडीज बनवणारा देश, पण निरोपाला दौत-टाक! गंमत म्हणजे आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही २००० सालचाच, आणि त्याच कायद्याने आपण डिजिटल सहीला मान्यता देऊन मोकळे झालो.

मोकळे झालो म्हणजे कागदोपत्री. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो, तोही पंधरा रुपयांत. ह्याबद्दल सरकारला शंभर गुण. पण डिजिटल सहीचे इतर दाखले संगणकावर उघडून बघा. सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह. त्यावर क्लिक करा, प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा, मग हिरवी खूण उमटते. खूण पडद्यावर, आणि खिडकीवरचा माणूस मागतो प्रिंट.

"सही कुठाय?"

"हीच. डिजिटल."

"हे प्रश्नचिन्ह हाय."

मग त्या प्रिंटवर कुणाचा तरी गोल शिक्का, तिरकी सही, परत स्कॅन, आणि पोर्टल म्हणतं फाइल मोठी आहे.

ह्या डिजिटल सहीची चावी एका छोट्या डोंगलमध्ये असते. ती ज्याची त्याने स्वतःच्या ताब्यात ठेवावी, असं कायदा सांगतो. आपल्याकडे ती ऑपरेटरच्या खणात असते, रबरबँडने बांधलेली, सोबत पिनची चिठ्ठी. साहेब दौऱ्यावर गेले तरी सह्या थांबत नाहीत. हा ऑपरेटर अर्थातच कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी त्याच्या मुदतवाढीची ऑर्डर निघते, त्याच डोंगलने, त्याच्याच हातून. मधल्या खंडाच्या दिवशी तो घरी असतो आणि त्या दिवशी साहेबांना सही करता येत नाही.