अक्कांच्या नातीचं गुलाबी दही

आमचं अंगण आणि अक्कांचं अंगण यांच्यामध्ये तुराट्यांची कुपाटी आहे आणि कुपाटीला एक भोक आहे. ते कोणी पाडलं हा वाद जुना आहे. पण विरजणाची वाटी त्यातून बरोबर जाते, म्हणून बुजवायचं नाव कोणी घेत नाही. परवा दुपारी त्या भोकातून वाटीऐवजी अक्कांचा डोळा दिसला.

"बाई, जरा इकडं या बरं. पोट्टी कालपासून रडून रायली."

"काऊन, अक्का?"

"दही गुलाबी आलं म्हणते तिचं."

मला धस्सच झालं. पावसाळ्यात दह्यावर गुलाबी थर धरला तर ते चाखूनही पाहू नये. "फेकून द्या ते. भांडंही उकळत्या पाण्यानं धुवा."

"फेकून कायले देता? काचेवरचं दही हाय ते. कालेजातलं!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. नात यंदा मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.ला लागली. मेहकरात आमच्या गल्लीत सगळे त्याला 'मायक्रो' म्हणतात. अक्का मात्र 'जंतूचं शिक्षण' म्हणतात. मी तीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा धुतल्या, ऑटोक्लेव्ह लावला, पोरांनी फोडलेल्या टेस्ट ट्यूबांचा हिशेब ठेवला. डिग्री नाही, पण कान उघडे होते. त्यामुळे असली प्रकरणं माझ्याच दारी येतात.

नात मागून आली. डोळे सुजलेले. प्रॅक्टिकल होतं ग्रॅम स्टेनिंगचं. दह्याचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा, म्हणजे आतले जीव काचेला चिकटून बसतात. मग जांभळा रंग, क्रिस्टल व्हायोलेट, मिनिटभर. धुवायचं. मग आयोडीन. मग अल्कोहोल, आणि शेवटी सॅफ्रानिन, म्हणजे गुलाबी रंग. सगळ्यांच्या काचेवर जांभळ्या काड्या आणि जांभळे ठिपके. हिच्या काचेवर सगळं गुलाबी. मार्क कापले.

"अल्कोहोल किती वेळ धरलंस?" मी विचारलं.

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मैत्रीण काहीतरी सांगत होती..."

"हां! म्हणजे इथंबी गप्पाच नडल्या," अक्का खूष. "माह्यावर गेली."

अक्कांना समजावून सांगायला लुगडंच बरं पडलं. कापडाला रंग पक्का बसावा म्हणून तुरटी घालतात ना, तसं इथं आयोडीन. रंगाला धरून ठेवतं. काही जिवाणूंच्या अंगाभोवती जाड भिंत असते, रजईसारखी. त्यांच्यात हा जांभळा रंग अडकून बसतो आणि अल्कोहोलनं धुतला तरी निघत नाही. काहींची भिंत ओढणीइतकी पातळ, वरून तेलकट पडदा. तो पडदा अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि रंग वाहून जातो. मग ते नागडे झालेले जीव सॅफ्रानिननं गुलाबी होतात. दही लावणारे सगळे रजईवाले. ते जांभळेच राहायला पाहिजेत. पण अल्कोहोल चार-दोन क्षण जास्त राहिलं, तर रजईसुद्धा रंग सोडते.

ही युक्ती हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरनं बर्लिनमध्ये काढली, १८८४ साली. न्यूमोनियानं मेलेल्यांच्या फुप्फुसातले जीव नीट दिसावेत एवढाच त्याचा हेतू. काहींचा रंग धुऊन जातो हा त्याला आपल्या पद्धतीतला दोष वाटला होता. आणि आज त्या 'दोषा'वरच जिवाणूंच्या दोन जाती ओळखतात. माणसाला आपल्या कामाचं मोल कळतंच असं नाही.

"पण मग," अक्कांनी तुराट्या बाजूला सारून भोक जरा मोठंच केलं, "लोनारचं पानी गुलाबी झालतं, तेबी कोनं अल्कोहोल वतलं का?"

अक्कांचं माहेर लोणार. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये, सरोवर अचानक गुलाबी दिसायला लागलं. आमच्याकडे फोटो फिरले आणि फोटोपेक्षा जास्त गोष्टी फिरल्या. अक्कांचं मत पक्कं होतं: दैत्यसूदनानं मारलेल्या लवणासुराचं रक्त वर आलं. मी तेव्हा वाद घातला नाही. पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर या संशोधन संस्थांकडे गेले. पुण्यात निघालं ते असं: पाण्यात खारात राहणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची गर्दी झाली होती आणि रंग त्यांचा होता. गाजरात, टोमॅटोत असतं त्याच घराण्यातलं रंगद्रव्य. पाऊस नाही, ऊन कडक, माणसांची ये-जा बंद. पाणी आटलं, खार वाढला आणि यांचं फावलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बाटलीची. गुलाबी पाणी बाटलीत न हलवता ठेवलं, तर गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे पाण्याला रंग नव्हताच. रंग होता राहणाऱ्यांना.

"मंग तो काय गरम?"

"ग्रॅम, अक्का. नाही, इथं ग्रॅमचं काही नाही. हा त्यांचा जन्माचा रंग, आपण लावलेला नाही."

इथं नातीनं नाक खुपसलं. "आमच्या पुस्तकात हॅलोबॅक्टेरियम दिलंय. म्हणजे बॅक्टेरियाच ना?"

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नावात बॅक्टेरियम आहे, पण ते बॅक्टेरिया नाही. १९७७ पर्यंत सगळे त्यांना बॅक्टेरियाच समजत. मग अमेरिकेत कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतल्या आरएनएची अक्षरं जुळवून पाहिली आणि दाखवलं, की ही शाखाच वेगळी आहे, आर्किया. दिसायला बॅक्टेरियासारखे, पेशीत केंद्रक यांच्यातही नाही, पण भिंत वेगळी, कातडीतली चरबी वेगळी. आडनाव सारखं म्हणून भाऊबंद समजावं आणि सातबारा काढल्यावर कळावं, की नाव कुठंच नाही, त्यातला प्रकार.

लोणारचं पाणी साबणासारखं बुळबुळीत लागतं ते अक्कांना मी कशाला सांगू? दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की ही त्या खाराची नावं त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली. दही पडतं आंबट टोकाला, पीएच साडेचारच्या आसपास. लोणार पडतं उलट टोकाला, दहाच्या आसपास. आणि पीएचची प्रत्येक पायरी दहापटीची असते. दह्यातला जीव सरोवरात टाका, मरेल. खाराचे हे आर्किया विहिरीच्या गोड पाण्यात टाका, यांतले पुष्कळ फुगून फुटतील. एरवी सरोवर हिरवं दिसतं तेही पाण्यातल्या नीलहरित जिवांमुळेच. आणि एक गंमत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या लोकांनी लोणारमधून एक नवाच जिवाणू शोधला, २०१२ साली त्याचं बारसं झालं: सेसेम्बिया लोनारेन्सिस. सीसीएमबीचं झालं सेसेम्बिया आणि लोणारचं लोनारेन्सिस.

"माह्या माहेराच्या नावानं किडा?" अक्कांना अभिमान वाटावा का राग यावा हे चेहऱ्यावरून कळेना. "माहेराच्या नावानं लोकं शाळा काढतात, वं!"

किडा नाही, जिवाणू, असं नात म्हणाली. अक्का म्हणाल्या, तेच ते.

काचांचा विषय निघालाच होता, म्हणून नातीला मी एक गोष्ट सांगितली. आमच्या लॅबमध्ये कोणी शिकवली नाही. एका जुन्या सरांनी चहा पिताना सांगितलेली. जिवाणू वाढवायला घट्ट खाद्य लागतं. आधी जिलेटिन वापरत. उकाड्यात वितळे आणि काही जिवाणू ते खाऊनच टाकत. जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या हाताखाली काम करणारा वाल्टर हेसे यानं वैतागून बायकोला विचारलं, तुझे मुरंबे-जेली उन्हाळ्यात कसे टिकतात? फॅनी हेसे म्हणाली, मी अगर घालते. ते तिला कसं ठाऊक? लहानपणी न्यू यॉर्कमध्ये शेजारी एक डच बाई राहायची, जावा बेटावर राहून आलेली, तिनं सांगितलं. अगर म्हणजे आपण फळांच्या पुडिंगात घालतो तो चायना ग्रास. १८८१-८२ ची ही गोष्ट. पुढे १८८७ साली पेट्रीनं झाकणाची बशी काढली, ती पेट्री डिश म्हणून जगभर गेली. अगरला हेसेबाईंचं नाव कोणी दिलं नाही, आणि त्या शेजारणीचं तर विचारूच नका.

"म्हंजे कुपाटीवरचंच बोलनं होतं ते," अक्का म्हणाल्या. "आन् पोट्टीचे मार्क कापतात!"

बोलता बोलता त्यांनी भोकातून सोयाबीनचं एक उपटलेलं झाड आत ढकललं. पेरून दीड महिना झालेलं. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी. पोरगा म्हणतो रोग आला, फवारणीची बाटली आणायला निघालाय.

मी एक गाठ बोटानं घासली, टपकन सुटली. रोगाची गाठ मुळातच फुगलेली असते, अशी सुटत नाही. मग नखानं चिरली. आत लालसर गुलाबी, ओलसर.

अक्का आणि नात दोघींचे डोळे एकाच भोकात. "आता हे कोनाचं रक्त?"

खरं तर रक्ताच्याच नात्यातलं. आत रायझोबियमच्या घराण्यातले जिवाणू बसलेत. हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. पण त्या कामाचं यंत्र ऑक्सिजन लागला की बिघडतं. म्हणून झाड लेगहिमोग्लोबिन तयार करतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊ, ते ऑक्सिजन मोजूनमापून पोचवतं. गुलाबी म्हणजे कारखाना चालू. आत पांढरं किंवा हिरवट निघालं तर काम बंद.

"आणि पोराला सांगा, यूरिया ओतू नका. आयतं मिळालं की झाड गाठीच धरत नाही."

"ते तर आमच्या घरातबी तसंच हाय," अक्का म्हणाल्या आणि पोराला हाक मारायला वळल्या. नात मात्र तिथंच उभी. बोटं मोडत म्हणाली, लोणारचा गुलाबी जिवाचा, गाठीचा गुलाबी झाडाचा, माझ्या काचेवरचा नुसता बाटलीतला. मी म्हटलं, हे वहीत लिही आणि पुढच्या वेळी अल्कोहोल हातात असताना तोंड बंद ठेव.

काल संध्याकाळी भोकातून दह्याची वाटी आली. मागून अक्कांचा आवाज: "जांभळं आलं बरं का पोट्टीचं! हे तेच दही हाय." आता गल्लीत कोणी विरजण मागायला गेलं, की अक्का आधी विचारतात, "रजईवालंच पायजे ना?"