फिरकी घेणारा

फिरकी घेणारा मालवण तालुक्यात सर्वत्र आढळतो. मसुऱ्यात त्याचं पीक जरा जास्त येतं. वय साठीच्या पुढे, खांद्यावर पंचा आणि चेहऱ्यावर मयताला निघाल्याचं गांभीर्य. तो स्वतः कधीच हसत नाही. हसायचं काम पारावर बसलेल्या इतरांचं, तेही सावज वळणाआड गेल्यावर.

त्याच्या कलेची कुळकथा इंग्रजी ‘स्पिन’ या शब्दात नीट सापडते. क्रिकेटमुळे मराठी माणसाला स्पिन म्हणजे गरगर फिरणं एवढंच ठाऊक. पण तो अर्थ उशिरा, सतराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. मूळ अर्थ सूत कातणं, आणि त्याच्याही मागच्या धातूचा अर्थ ओढणं, ताणणं. जाळं विणणारा ‘स्पायडर’ याच घराण्यातला. कातणारी बाई ती ‘स्पिन्स्टर’. पुढे इंग्लंडच्या सरकारी कागदांत अविवाहित बाईच्या नावाला तो शब्द जोडला गेला, मग तिनं चरखा जन्मात पाहिलेला नसो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘सूत कातणं’ म्हणजे लांबलचक गोष्ट रंगवणं असाही अर्थ रुळला. तो खलाशांच्या बोलीतला मानतात. १९८४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘स्पिन डॉक्टर’ अवतरले. उमेदवार काय बोलला याला सोयीचा पीळ देऊन ते वार्ताहरांना पुरवत. मसुऱ्यात हे काम बिनपगारी चालतं, त्यामुळे दर्जा वरचा.

खाडीच्या पाण्यात नारळाची सोडणं महिनोन् महिने कुजवून, कुटून काथ्या निघतो आणि त्याचं सुंभ वळतात. तंतू जेमतेम वीतभर, सुंभ मात्र विहिरीच्या तळाला पोचतं. फिरकीवाल्याचं बोलणं असंच असतं: तंतू सगळे खरे, लांबी त्याची. धडधडीत खोटं बोलणं तो कमीपणाचं मानतो.

त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचा चाकरमानी. गावचा भरतगड सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी १७०१ मध्ये पुरा केला आणि गडनदीपलीकडे बावडेकरांचा भगवंतगड उभा राहिला, हा इतिहास. चाकरमान्याच्या पोरानं ‘समोरासमोर दोन किल्ले कशाला?’ म्हणून विचारलं की फिरकीवाला शांतपणे सांगतो, “हयसून तोफ उडाली काय थयसून उलट उत्तर येय. मालवणी मानूस गप बसता काय?” पोरगं ते शाळेच्या प्रकल्पात लिहितं.

हंगामातली मोठी फिरकी आंगणेवाडीच्या जत्रेची. भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख पक्की होते. तोवर रजा आणि रेल्वेचं तिकीट यांत लटकलेला चाकरमानी गावाला फोनवर फोन करतो. “देवी अजून बोलूक नाय,” फिरकीवाला सांगतो, “बोलली काय तुका फोन करतली. नंबर सांगून ठेव.” काहीजण नंबर सांगतातही.

बायको, सावकार आणि तलाठी यांच्या वाटेला तो जात नाही. पण एकाच पारावर दोन फिरकीवाले जमले की बघ्यांची निराशा होते. कोणीच सूत काढत नाही. एक बांगड्याचा भाव विचारतो, दुसरा सांगतो, आणि पहिला उठून बाजारात स्वतः खात्री करायला जातो.