माहेरवाशिणींच्या उचापती

“मीनल, ये गं जरा फेन्सपाशी. ऐकलंस का, त्या काउबर्डनं पुन्हा डाव साधला.”

“कोण? कोपऱ्यावर नवीन बिऱ्हाड आलंय ते?”

“अगं, पक्षीण ती! मागच्या ओढ्याकडे विलोच्या झुडपात पिवळ्या वॉर्ब्लरनं घरटं बांधलंय ना, तिथं भल्या पहाटे शिरली, अंडं घातलं नि पसार. मिनिटभराचं काम.”

“म्हणजे आपली कोकिळाच की, काकू.”

“कोकिळा परवडली. ती निदान कावळ्याशी पंगा घेते. ही बया २०० हून जास्त जातींच्या घरट्यांत अंडी घालत हिंडते, एका मोसमात ३०-४०! वर त्या बिचारीचं एखादं अंडं उचलून टाकते. पूर्वी म्हणे मधल्या गवताळ प्रदेशात बायसनच्या कळपांमागे किडे टिपत फिरायची. जंगलं तोडून शेतं झाली, तशी पार इकडे न्यू जर्सीपर्यंत आली.”

“आणि वॉर्ब्लर मुकाट्यानं सहन करते?”

“छे! परकं अंडं दिसलं, की ती बऱ्याचदा त्याच्यावरच नवा मजला चढवते नि वर पुन्हा संसार मांडते. सहा-सहा मजल्यांची घरटी सापडलीत. स्वतःचीही अंडी त्यात गाडली जातात, तेवढं मात्र माझ्या जिवाला लागतं. पण इलिनॉयमधलं ऐकशील तर थक्क होशील. प्रोथोनोटरी वॉर्ब्लरच्या पेट्यांतून संशोधकांनी काउबर्डची अंडी काढून टाकली, तर त्यातली निम्म्याहून जास्त घरटी उद्ध्वस्त! अंडी राहू दिली, तिथं फारसं काही झालं नाही. २००७ साली छापून आलंय. सांभाळा, नाहीतर घर मोडते. सरळ गुंडगिरी.”

“वॉर्ब्लरनं इतक्या लांबून येऊन हे भोगायचं?”

“तेच तर. मध्य नि दक्षिण अमेरिकेतून येतात या, बाळंतपणाला माहेरी याव्यात तशा. तिकडे खायला असतं, पण खाणारी तोंडंही उदंड. इथं जूनमध्ये १५ तासांचा दिवस आणि जिकडेतिकडे अळ्या. चार-पाच पोरं सहज पोसली जातात.”

“आणि नवरे? का आपल्यासारखंच?”

“एकेकाची तऱ्हा. नदीकाठी तो ठिपकेवाला सँडपायपर असतो ना, शेपूट हलवत चालणारा, त्यांच्यात बाई आधी येते, जागा अडवते, एकाला अंडी घालून देते नि निघाली दुसऱ्याकडे. कधीकधी चार-चार दादले. अंडी उबवायची, पोरं राखायची, ते बहुतेक पुरुषांकडे.”

“मला आवडली ही!”

“मलाही. पण हळू बोल, तुझे सासरे डेकवर बसलेत.”

“आणि पलीकडच्या आजोबांनी खांबावर ती पांढरी चाळ उभारलीय, ती कुणासाठी?”

“पर्पल मार्टिनसाठी. थंडी ब्राझीलमध्ये काढतात आणि इकडे आले, की यांना घर आयतं लागतं. रॉकी पर्वताच्या पूर्वेला आता बहुतेक सगळे माणसानं दिलेल्या घरातच राहतात. जुनी खोड आहे ही. चॉक्टॉ, चिकसॉ लोक त्यांच्यासाठी पोखरलेले भोपळे टांगायचे.”

“आपला तो इवलासा हमिंगबर्ड तरी गुणी असेल?”

“कुठला! दिसायला गळ्यापाशी माणिक, पण घरात काडीची मदत नाही. कोळ्याच्या जाळ्यानं घरटं विणायचं, दोन अंडी उबवायची, पोरांना भरवायचं, सगळं ती एकटी. ऑगस्ट लागला, की हा सगळ्यांच्या आधी दक्षिणेला चालू पडतो. मग ती, आणि शेवटी पोरं. वाट दाखवायला कुणी नाही बरं का! तीन ग्रॅमचा जीव, खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि कित्येक जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. ८०० किलोमीटर, मध्ये टेकायला जागा नाही.”

“अगंबाई! मग सप्टेंबरात साखरपाण्याचा फीडर काढून टाकायला हवा, नाहीतर ती पोरं इथंच रेंगाळतील.”

“मुळीच नाही. दिवस लहान व्हायला लागले, की ती आपसूक निघतात, तुझ्या साखरेसाठी कुणी थांबत नाही. उलट मागे राहिलेल्याला वाटेची शिदोरी मिळते. ऑक्टोबरपर्यंत राहू दे. चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर, मध नको, तो लाल रंगही नको, आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी धुऊन भर.”