अर्धा बार

जुन्या गाडीला टर्बो बसवायला निघालेला एक गृहस्थ तुमच्याही आळीत असणारच. आमचा तारापूर एमआयडीसीजवळच्या कुंभवलीत आहे. त्याला सगळे काका म्हणतात आणि तो दिसला की रस्ता बदलतात.

कारण काका अडवतात. "ऐक. नॅचरल इंजिन स्वतःच्या दमाने हवा ओढून ओढून ओढणार किती? सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गॅसवर टर्बाइन फिरवायचं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. तेच पुढून हवा कोंबतं. फार नको, अर्धा बार!" बाहेरच्या हवेचा दाब एक बार, वर अर्धा घातला की इंजिनात दीडपट हवा. गाडी 2003 ची मारुती झेन, 993 सीसी, साठेक एचपी. साठाचे नव्वद! कागदावर.

अर्धा बार हे काकांचं सर्वव्यापी माप आहे. चहा पाणचट झाला, तर "सूनबाई, अर्धा बार कमी पडला." डहाणू लोकल पालघरला रखडली, तर "नॅचरल आहे बिचारी." जावई बँकेत, स्वभावाने सावकाश. त्याच्याबद्दल मत विचारलं तर म्हणाले, "मुलगा गुणी आहे हो. पण नॅचरल." बारशाला नातवाने टाहो फोडला, तेव्हा बायका पाळण्याकडे धावल्या आणि काका जागेवरूनच ओरडले, "वा! अर्धा बार सहज!"

टर्बो कुर्ल्याच्या भंगारातून आणलाय, स्विफ्ट डिझेलचा. देवघराखालच्या फळीवर तेल लावून ठेवलाय. मी म्हटलं, काका, पेट्रोल इंजिनचा गॅस नऊशे अंशांवरही जातो, डिझेलचा टर्बो टिकेल का? "म्हणून तर अर्धाच बार." मॅनिफोल्ड एमआयडीसीत आर्गन वेल्डिंगने बनवून घेतला. वेल्डरने विचारलं, "काका, ही कुठल्या केमिकलची लाइन?" इंटरकूलर, तेलाची लाइन, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं ट्यूनिंग, क्लच... फाईल तिसरी चालू आहे.

कायद्याचं सांगून पाहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत. काका म्हणाले, "साहेब बॉनेट उघडून बघणार आहेत का?" मारुतीनेच 2017 साली 998 सीसीची टर्बोवाली बलेनो आरएस आणली होती, 102 पीएसची, तीच जुनी घ्या, म्हटलं. त्यावर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुलगा दत्तक घ्यायला सांगितलं.

आणि हे नव्वद एचपी पळवणार कुठे? तारापूर एमआयडीसीत, टँकरच्या मागे, दुसऱ्या गिअरवर, खड्डे चुकवत. तिथे टर्बोला दाब धरायलाच सवड मिळायची नाही. पण आमच्याकडे रस्ता कागदावर आणि टर्बोही कागदावर; त्या हिशेबाने जोडी बरी जमलीय.

एक मात्र कबूल करायला हवं. आळीत कुणाची गाडी पहाटे चालू झाली नाही, की बनियनवर येतात ते काकाच. बॉनेटशी कान नेतात, "तिसरा प्लग," म्हणतात आणि तिसराच निघतो. पैसे घेत नाहीत. इथल्याच एका कारखान्यात त्यांनी उभी हयात ब्लोअर आणि कॉम्प्रेसर सांभाळण्यात घालवली. मशीन बिघडायच्या आधी ह्यांना आवाजातून कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा हिशेब हातात देऊन घरी पाठवलं. ह्या कानाचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

झेनच्या इंजिनाला काकांनी अजून पानाही लावलेला नाही. एकदा मी काकूंना विचारलं, हे सुरू कधी होणार? शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "खोललं की संपलं ना रे."

काका म्हणतात, सगळं तयार आहे, फक्त कम्प्रेशन उतरवायला झेनचं जाड हेड गॅस्केट तेवढं मिळत नाही. तुमच्या ओळखीत कुणाकडे असलं, तर कृपा करून त्यांना कळवू नका.