माझ्या हातून मेलेले शब्द

माझ्या हातून आतापर्यंत निदान सहा शब्द मेले आहेत. मुद्दाम मारले नाहीत, मी ते फक्त उच्चारले. घरातली पोरं एखादा नवा शब्द मजेत वापरत असतात. मी तो चार दिवस कान देऊन ऐकतो, बाथरूमच्या आरशासमोर दोनदा म्हणून बघतो आणि पाचव्या दिवशी जेवताना हळूच सोडून देतो. क्षणभर शांतता. कन्या पुतण्याकडे बघते, पुतण्या वरणात बघतो, आणि त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. 'व्हाइब' असा गेला. 'क्रिंज' तर नुसता अर्थ विचारला तेव्हाच गेला.

'रिझ'च्या वेळी मी पूर्ण तयारीनं उतरलो होतो. 2023 साली ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. समोरच्यावर, त्यातही समोरचीवर, छाप पाडण्याची अंगची हातोटी म्हणजे रिझ. 'करिझ्मा'च्या पोटातला तुकडा आहे म्हणे. पेपरात हे वाचून मी बायकोला म्हणालो, "लग्नाआधी माझा रिझ बघितला होतास ना?" ती म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलंत का?" आतल्या खोलीतून पुतण्या ओरडला, "काका, तो शब्द गेला आता!" कोशवाल्यांनी हार घातला की पोरं त्या शब्दाला खांदा द्यायच्या तयारीला लागतात, हे मला तेव्हा कळलं.

वाईट याचं वाटतं की एके काळी या बाबतीत मी बराच पुढारलेला होतो. 1985 साली 'युद्ध' सिनेमा आला, अनिल कपूरनं पडद्यावर 'झकास' म्हटलं आणि आम्ही कॉलेजातली पोरं पुढची काही वर्षं दुसरं काही म्हणालोच नाही. शब्द मराठीत आधीपासून होता, पण आम्ही तो असा वापरायचो की जणू आमच्याच कट्ट्यावर जन्माला आलाय. 'सॉलिड', 'जाम', 'कल्टी', 'वांदा', 'खल्लास' हा बाकीचा संसार. वडील मराठीचे शिक्षक. एकदा मी सिनेमा 'जाम सॉलिड' होता असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पदार्थाच्या अवस्था तीन. स्थायू, द्रव, वायू. तुझा सिनेमा स्थायू होता, एवढंच कळलं. पण बरा होता का?"

वडील भाषाशुद्धीवाले. 'तारीख' म्हटलं की 'दिनांक' म्हणायचे, 'मेयर' म्हटलं की 'महापौर', आणि हे शब्द सावरकरांनी दिलेत हे दर वेळी नव्यानं सांगायचे. पण पहिला हापूस चिरला की डोळे मिटून म्हणायचे, "फस्क्लास!" डोंबिवलीहून व्हीटीला अठ्ठावीस वर्षं सेकंड क्लासच्या डब्यात लोंबकळत गेलेला हा माणूस. फर्स्ट क्लासमध्ये पाय ठेवला तो एकदाच, तोही गर्दीत चुकून, आणि त्याचा दंड भरला. तरी आंबा फस्क्लास, लिमयांच्या घरची पुरणपोळी फस्क्लास, नातवाचं अक्षर फस्क्लास. हा कुठला शुद्ध मराठी शब्द, असं विचारायची माझी तेव्हा छाती झाली नाही. आता विचारायला ते नाहीत.

खरं म्हणजे पोरं असं का करतात हे मला कळायला हवं होतं, कारण आम्हीही तेच केलंय. लहानपणी मी आणि ताई 'च'ची भाषा बोलायचो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे 'च' लावायचा. पाणी म्हणजे 'चणीपा', सिनेमा म्हणजे 'चनेमासि'. आईसमोर सगळी कारस्थानं याच भाषेत. एका रविवारी 'चनेमासि'ला कसं सटकायचं याचा बेत पिंपाशी उभं राहून चालला होता. आई भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, "आधी चणीपा भरा, नळ जाईल." आम्ही दोघं थिजलो. ती भाषा आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही. कुलपाची दुसरी किल्ली घरात आहे म्हटल्यावर कुलूप लावायचं कशाला? एवढं ठाऊक असूनही मी पोरांच्या प्रत्येक नव्या कुलपात बोट घालतो.

त्याचं प्रायश्चित्त मला कन्येच्या साखरपुड्यात मिळालं.

व्याही कोल्हापूरचे. तिकडून चाळीस माणसं आली, त्यांत जावयाची भावंडं आठ-दहा, सगळी विशी-पंचविशीतली. जेवणात जिलबी-मठ्ठा होता. मी पंगतीतून आग्रह करत फिरत होतो. एका आतेभावानं जिलबीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "काका, विषय हार्ड!"

माझ्या काळजात धस्स झालं. जिलबी कडक झाली होती तर. "माफ करा," मी म्हणालो, "पाक जरा पुढे गेला असेल. नरम घाण्यातली मागवतो." तो गडबडला. "तसं नव्हं ओ काका! हार्ड म्हंजे... काटा किर्रर्र!"

आता जिलबीत काटा कुठून आला? आमचा आचारी शाकाहारी कामंच घेतो, पण भांडी? आदल्या दिवशी ती कुठे गेली होती कुणास ठाऊक. मी त्याच्या ताटाशी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "गिळू नका. घशात अडकला का? सुका भात खा." शेजारचा दुसरा भाऊ मला समजवायला पुढे सरसावला. हसून हसून त्याला नीट बोलता येत नव्हतं. "काका, काय नाय झालं. नुसता जाळ अन् धूर संगटच!"

मी स्वयंपाकघराकडे धावलो.

तिथे आचारी शांतपणे पुऱ्या तळत होता. जाळ होता तेवढाच, धूर नव्हताच. मी तरीही गॅस बंद करायला लावला. पंगतीला पुऱ्या दहा मिनिटं उशिरा पोचल्या आणि का पोचल्या हे तोवर पुऱ्यांच्या आधीच सगळ्या हॉलला कळलं होतं. व्याही स्वतः उठून आले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरं जिलबीची तारीफ करत होती ओ. आमच्याकडं असंच म्हणत्यात." मग जरा थांबून, बहुतेक माझी समजूत काढावी म्हणून, "आमच्या वेळी आपलं 'नाद खुळा' म्हणायचे. ते सोपं होतं."

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला झाल्या प्रकाराची भरपाई करायची होती. आपणही काही मागे पडलेलो नाही हे आठ-दहा कोल्हापूरकर तरुणांना दाखवायचं होतं. कन्येच्या मैत्रिणींच्या तोंडी 'डेलुलू' असा एक शब्द मी वर्षभर ऐकत होतो. 'सोनुलं', 'छकुलं', 'डेलुलू'. नादावरून अर्थ उघडच होता. मी विहीणबाईंसमोर कन्येच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आमची लेक लहानपणापासून अगदी डेलुलू आहे हो. सांभाळून घ्या."

'डेलुलू' म्हणजे मनाचे मांडे खाणारी, भ्रमात वावरणारी व्यक्ती. बहुतेक वेळा प्रेमाच्या भ्रमात. हे मला रात्री कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की कन्येनं डोळे मिटले, जावयाला ठसका लागला आणि आतेभावांनी खिशातून मोबाइल काढले. विहीणबाई मात्र माझ्याच पिढीच्या. त्यांनी कौतुकानं मान डोलावली आणि म्हणाल्या, "हो, दिसत्येच तशी."

पुढचे आठ दिवस कन्या माझ्याशी फक्त प्रमाण मराठीत बोलत होती.

अबोला फुटावा म्हणून मी इतिहासात शिरलो. पोरांना म्हटलं, तुमच्या या शब्दांचं एवढं काय कौतुक? पेशवाईत 'फाकडा' होता. देखणा, धाडसी, ऐटबाज, सगळं एका शब्दात. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, 1779 साली, कार्ल्याजवळ जेम्स स्टुअर्ट नावाचा इंग्रज कप्तान मारला गेला. लढत होता आपल्याविरुद्धच, पण मराठ्यांना त्याची हिंमत अशी आवडली की त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'इष्टुर फाकडा'. शत्रूला मारायचंही आणि नावाजायचंही, वर त्याच्या आडनावाचं बारसंही करून टाकायचं!

पुतण्या उठून बसला. "काका, हे खतरनाक आहे!" संध्याकाळपर्यंत त्यांच्या ग्रुपचं नाव 'इष्टुर फाकडे' झालं. दुसऱ्या दिवशी पोरं एकमेकांच्या फोटोंखाली 'फाकडा' लिहायला लागली. मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून त्यांच्याकडे एक शब्द गेला होता. त्या भरात चौथ्या दिवशी, पुतण्या नवी पँट घालून निघाला होता, खाली घोट्याशी ती बरीच घोळत होती, तर मी त्याला जिन्यात गाठून म्हणालो, "काय फाकडू! कुणीकडे स्वारी?"

रात्री ग्रुपचं नाव बदललं. जवळजवळ अडीचशे वर्षं टिकलेला शब्द मी चार दिवसांत संपवला.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. सध्या तिच्या वर्गात 'सिक्स सेव्हन'ची साथ आहे. सहा आणि सात पाठोपाठ कानावर पडले की पन्नास पोरं एकदम "सिक्स सेव्हन!" ओरडतात आणि दोन्ही तळहात तराजूच्या पारड्यांसारखे वर-खाली करतात. अर्थ काही नाही. अर्थ नसलेल्या या प्रकाराला डिक्शनरी डॉट कॉमनं 2025 चा वर्षाचा शब्द म्हणून मानही दिला, तरी तो जाईना. भाचीनं मराठीत 'पान सदुसष्ट' म्हणून बघितलं. वर्ग शांत झाला खरा, पण पान कुणालाच सापडेना.

"मामा," ती म्हणाली, "तू एकदा वर्गावर ये ना. पाहुणा म्हणून. फळ्यापाशी उभा राहून एकदाच म्हण. हातवाऱ्यांसकट."

"त्यानं काय होईल?"

"ताईनं सगळं सांगितलंय मला," ती म्हणाली. "फाकडाचंसुद्धा."

बुधवारी जायचं ठरलंय. पँट इस्त्रीला टाकली आहे. काल बाथरूमचं दार लोटून घेतलं आणि आरशासमोर तळहात वर-खाली करत "सिक्स सेव्हन, सिक्स सेव्हन" असा सराव चालू होता. दार नीट लागलं नसावं. मागून बायकोचा आवाज आला, "खांदा पुन्हा धरला का?"