नियम आहे, पण कुठला ते विचारू नका

कसाऱ्याहून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये वाशिंदला चढणाऱ्या माणसाच्या हातात कोणी नियमावली ठेवत नाही. तरी त्याला सगळे नियम पाठ असतात. तिघांच्या बाकावर चौथा बसला तर त्याने अर्ध्या मांडीवर समाधान मानायचे. ठाण्याला उतरायचे तर डोंबिवली सुटली की दाराकडे सरकायला लागायचे. चुकलात तर कोणता नियम मोडला हे सांगायला पन्नास जण तयार असतात. तोंडावर, मोठ्याने आणि आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करत. अपिलाची सोयही जागच्या जागी, आपणही तेवढ्याच मोठ्याने बोलायचे.

इंटरनेटवर मात्र सगळे लेखी. पानेच्या पाने कलमे, पोटकलमे आणि शेवटी ‘मला मान्य आहे’. एवढे सगळे छापूनही आपण नेमके काय मोडले, हे मात्र ब्रह्मदेवालाच विचारावे लागते.

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी अनेक वर्षे वहीत रोजनिशी लिहायचे. नातवाने त्यांना मोबाइलवर लिहायला शिकवले. वाचणारे कोण? मुलगी, जावई आणि जुने चार विद्यार्थी. मे महिन्यातल्या एका दिवशी त्यांनी लिहिले: ‘आज राब जाळला. वारा भातसा नदीकडून होता, धूर घरात शिरला. दुपारी पोरांनी डोहात उड्या मारल्या. रात्री जावई आले म्हणून गावठी कोंबडा कापला.’

पाच मिनिटांत निरोप आला. आपले लेखन समाजमान्य संकेतांचे उल्लंघन करत असल्यामुळे काढून टाकण्यात येत आहे.

गुरुजी मुळात गणिताचे. त्यांनी एकेक पद वगळून उत्तर काढायला घेतले. आधी कोंबडा काढला आणि ‘जावयांचे यथास्थित जेवण झाले’ असे लिहिले. पुन्हा नकार. मग पोरांना डोहातून बाहेर काढून काठावर बसवले. पुन्हा नकार. मग राब. शेण, कवळ आणि पालापाचोळा पसरून भाताच्या रोपांची जागा भाजण्याची ही पद्धत शहापूर-मुरबाडकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पण गुरुजींनी तीही विझवली. शेवटी ‘वारा भातसा नदीकडून होता’ एवढेच उरले. तेव्हा खाते सात दिवसांसाठी बंद झाले. कारण: वारंवार उल्लंघन.

त्याच पानाच्या कडेला तीन दिवसांत गुडघे ठणठणीत करणाऱ्या तेलाची जाहिरात मात्र सुखाने नांदत होती. तिच्याविरुद्ध कुठलाही संकेत नसावा.

हा मजकूर तपासणाऱ्या यंत्राचीही बाजू समजून घेतली पाहिजे. परदेशी तालमीत वाढलेल्या त्या बिचाऱ्याला मराठी माणूस हा भयंकर प्राणी वाटत असणार. हा सकाळी फेरी मारतो, कट्ट्यावर गप्पा मारतो, दुपारी डुलकी मारतो आणि भेटला की मिठीसुद्धा मारतोच. अशा माणसाला मोकळे सोडायचे कसे?

पण फक्त मराठीचाच दोष नाही. २०२० मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधील एका बियाणे विक्रेत्याची जाहिरात फेसबुकने अडवली. चित्रात टोपलीभर कांदे होते आणि यंत्राला ते कामुक वाटले. कंपनीने नंतर दिलगिरी व्यक्त केली. आमच्याकडे कांद्याने सरकारांना घाम फोडला आहे, पण त्याच्या चारित्र्यावर कोणी संशय घेतला नव्हता. उलट म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध विष ओकले जात होते, तेव्हा ते वेळेत रोखायला आपण पुरेसे काही केले नाही, हे त्याच कंपनीला २०१८ मध्ये कबूल करावे लागले. म्हणजे कांद्याला पकडायचे आणि दंगेखोराला वाट द्यायची.

तरी हे सगळे परदेशी कंपन्यांचे पाप आहे, असे कोणी समजू नये. संदिग्ध नियमाची कला आपल्याकडे जुनी आहे. १८९७ मध्ये ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला समजावले की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारला शिव्या देणे तर गुन्हा होताच, पण सरकारवर पुरेसे प्रेम न करणे हाही गुन्हा. ते किती करावे याचे माप काही सांगितले नव्हते. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

स्वराज्य आले, संगणक आला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ अ आले. संगणकावरून कोणाला चीड आणणारे किंवा गैरसोयीचे काही धाडले तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता चीड कशाला म्हणायचे? कसारा लोकल उशिरा आली की आम्हाला रोज येते. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या होत्या. दोघींना अटक झाली आणि पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, म्हणजे आमच्याच जिल्ह्याची ही कीर्ती. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि खटला बारगळला. पण त्यानंतर अंगठा उचलताना जिल्ह्यातल्या किती जणांचा हात थरथरला असेल, याची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार?

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. कारण हेच की, त्यातले शब्द इतके मोघम की कोणता माणूस आत येतो आणि कोणता बाहेर राहतो, ते सांगता येईना. गंमत पुढे आहे. मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. मग २०२३ मध्ये केंद्राने आपल्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवायला स्वतःचेच तपासणी पथक आणायचे ठरवले. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासायची. विनोदवीर कुणाल कामरा वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. त्यातही शब्दांच्या मोघमपणावर न्यायालयाने बोट ठेवले होते.

आता कोणी म्हणेल, मग काहीच काढायचे नाही का? काढायलाच हवे. एखाद्या मुलीचा विवस्त्र किंवा बनवलेला फोटो कोणी फिरवला, तर तक्रारीनंतर चोवीस तासांत तो हटवण्याचे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातले आणि ते योग्यच होते. त्याबद्दल आमच्या कट्ट्यावर कधी वाद झालेला ऐकला नाही, कारण तो नियम शाळकरी पोरालाही कळतो.

त्याच नियमांनुसार गुरुजींनीही तक्रार केली. तेव्हाच्या तरतुदीप्रमाणे तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत मिळायला हवा होता. कंपनी नियमाची पक्की. पोच वेळेत आली: ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.’ निकालही वेळेत आला: ‘आम्ही पुन्हा तपासले. आमचा निर्णय योग्य होता.’ कोणते वाक्य, कोणते कलम, तपासले ते माणसाने की यंत्राने, यातले काहीही नाही. वर्गातल्या पोराला ‘तुझे उत्तर चुकले, पण प्रश्न कोणता ते सांगणार नाही’ असे म्हणालो असतो तर पालक शाळेत आले असते, असे गुरुजी म्हणाले.

पण गुरुजी भोळे आहेत. मोघमपणा ही कंपनीची चूक नसून सोय आहे. नियम स्पष्ट लिहिला की तो लिहिणाऱ्यालाही बांधतो. जाहिरातदार कुरकुरला, सरकारने डोळे वटारले किंवा एखाद्या सेनेच्या भावना दुखावल्या, की कोणताही मजकूर ज्यात बसवता येईल असे लवचीक कलम हाताशी असलेले बरे. शिवाय हद्द कुठे आहे हे ठाऊक नसले की शहाणा माणूस चार हात लांबूनच चालतो. कापाकापीचे काम लेखक स्वतःच करतो आणि तेही बिनपगारी. गुरुजी आता रोज ‘हवामान सामान्य’ एवढेच लिहितात. खाते एकदम सुरळीत चालू आहे.

म्हणून आमची सर्व कंपन्यांना आणि सरकारला नम्र सूचना आहे. ती पानेच्या पाने रद्द करावीत आणि एकच कलम ठेवावे: ‘आम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल ते काढून टाकू, कारण विचारू नये.’ व्यवहारात काडीचाही फरक पडणार नाही, वाचायला अर्धे मिनिट पुरेल आणि न्यायालयाला निदान मोघमपणाबद्दल तरी बोलायला जागा उरणार नाही.